झाडाचं अंथरूण

नोयो नदीकाठचा तळ,
१६ मे १९९३

ती. हेल्मीताईस,
रेनोचा चिखलाळ हातांनी सा. न. कागदावरचे डाग कॉफीचे समज.

वर्षातली ही तिसरी नोकरी, हे तू म्हणायच्या आत मीच लिहितो. पण इथे टिकेन असं वाटतं. काम एवढंच, की पहाटे धुक्यात उताणं पडून आभाळाकडे बघायचं. मर्लेट म्हणून मुठीएवढा समुद्रपक्षी आहे. जन्म सगळा समुद्रावर काढतो आणि अंडं घालायला मात्र इतका आत येतो, रेडवुड झाडाच्या उंच फांदीवरच्या शेवाळात. घरटं नाही, काही नाही. अंडं एकच. आमची मुकादम पर्लबाई म्हणते, वीस वर्षांत तिला अशी चार सापडली. पाचवं तुझ्या नववी नापास भावाने दाखवलं! बाईने स्वतःच्या हाताने मला गरम बिस्किटं वाढली.

दुसऱ्या ओढ्यापलीकडे, वाकड्या आल्डरच्या झाडामागे, एकटाच थोरला रेडवुड आहे, ते अंडं त्याच्यावरच. शंभर फूट सरळ, एक गाठ नाही, मग पहिली फांदी. बाबांनी बघितला तर जेवण विसरतील.

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाची, सगळ्यांना सुट्टी. तळ ओस टाकून गावात मिरवणूक बघायला जाणार, तेव्हा फोन करीन. बाबा अजून मला पाखरांचा गडी म्हणतात का?

लोभ आहेच, वेलचीचा पावही येऊ दे.
तुझा उनाड,
रेनो

स्मिथ रिव्हर,
३० मे १९९३

चि. रेनोस,
अनेक आशीर्वाद. कान पिळायला हात पोचत नाही म्हणून पत्रावर भागवते.

तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचलं. बाबांचा चष्मा हरवलाय, हल्ली सगळं माझ्याकडूनच वाचून घेतात. पक्ष्याचं ऐकून म्हणाले की ज्या पाखरापायी तोडबंदी होऊन आमची लाकडाची गिरणी बंद पडली, त्याचंच बाळंतपण माझा मुलगा करतोय. मग, ते झाडाचं पुन्हा वाच, म्हणाले. तीनदा वाचायला लावलं. तुझ्या पत्रात त्यांचा जीव रमला म्हणून मला बरं वाटलं.

मी लिलीच्या शेतात कंबर मोडून घेते आणि ते ओसरीवर करवतीला धार लावत बसतात. कापायला काही नाही, तरी रोज. परवा त्यांचा जुना जोडीदार गसकाका आला होता. तुझ्याच बाजूला कुणाच्या कुरणाला कुंपणाचे खांब ठोकायचेत म्हणे. दोघे पुढच्या आठवड्यात निघतील. रेनोला भेटून या म्हटलं, तर म्हणाले, त्याला माझी लाज वाटेल. पण लहानपणी तू त्यांच्यामागे फर्न गोळा करत रानभर पळायचास, ते आठवून हसले. हसले हे महत्त्वाचं.

पाव पाठवलाय. एकट्याने खाऊ नकोस.
तुझी,
हेल्मीताई

नोयो,
२९ जून १९९३

ती. ताईस,
सा. न. आज थट्टा नाही.

त्या थोरल्या झाडापासून ऐंशी पावलांवर मला काल अंथरूण दिसलं. रेडवुड उघड्या जमिनीवर पडला की काचेसारखा फुटतो, म्हणून पाडण्याआधी त्याला अंथरूण घालतात, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. इथे मधोमध खडकाचा उंचवटा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना आडवी कोवळी झाडं, त्यावर फांद्या, त्यावर माती. आणि सगळ्यात वर फर्न, शेंडे बुंध्याकडे केलेले. फर्न दुसरं कुणीच घालत नाही, ताई. त्याने काही उपयोग होत नाही. शेवटचं निजणं जरा मऊ असावं, असं बाबाच म्हणायचे, आणि तो फर्न मीच गोळा करून द्यायचो.

झाड मी पत्रात लिहिलं. सुट्टीही मीच लिहिली.

पर्लबाईला सांगितलं तर बाबा तुरुंगात. समोर जाऊन बोलावं, तर आम्हा दोघांना भांडणाशिवाय काही येत नाही. वर झाडावर अंड्यातून पिल्लू बाहेर आलंय. नर-मादी आळीपाळीने चोचीत एकेक मासा घेऊन येतात.

म्हणून उद्या ते अंथरूण उधळून टाकतो. दिसताच कळेल त्यांना, कुणाचे हात ते. बिनअंथरुणाचं झाड बाबा पाडणार नाहीत. तीस वर्षांत त्यांचं एक झाड फुटलेलं नाही. मुकाट्याने घरी येतील. तूही विचारू नकोस.

माया राहू दे.
रेनो

स्मिथ रिव्हर,
१ जुलै १९९३

चि. रेनोस,
आशीर्वाद. घाईत लिहिते, टपाल निघेल.

बाबांचा चष्मा हरवला नव्हता. आज त्यांची गादी उन्हात टाकली तर खाली सापडला. सोबत डॉक्टरची चिठ्ठी, मार्चमधली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वीस पावलांपलीकडे त्यांना सगळं धुकंच आहे, रे. ओसरीवरून विहिरीपर्यंत पुटपुटत जायचे, मला वाटे प्रार्थना करतात. पावलं मोजत होते.

गसकाका सोबत आहे म्हणून धीर आहे. भेटले तर हात धर, पण तुझाच पाय घसरल्यासारखा धर. मी सांगितलं असं कळता कामा नये.

तुझीच काळजी करायची सवय होती, आता दोघांची.
हेल्मीताई

नोयो,
८ जुलै १९९३

ती. ताईस,
नमस्कार लिहायला हात धजत नाही.

शेरीफने तुला फोनवर काय सांगितलं ते माहीत आहे. तुझं एक तारखेचं पत्र मला सहाला मिळालं. माझं २९ चं तुला आता मिळालं असेल, तेव्हा उरलेलं तू जुळवलंच असशील. तरी लिहितो.

चार तारखेला आम्ही गावात होतो. फटाके वाजत होते. गसकाका वर रस्त्यावर गाडीत राखणीला बसला होता. अंथरूण आदल्या आठवड्यात दोघांनी घातलं होतं, म्हणून पुन्हा बघायला तो खाली उतरला नाही. बाबा एकटे, पावलं मोजत गेले. झाड त्यांनी नेमकं योजल्या जागी पाडलं, ताई, हातभरही चुकलं नाही. मधला भाग उघड्या खडकावर आदळून फुटला आणि बुंधा खुंटावरून मागे, त्यांच्या अंगावर उसळला. त्यांना तो येताना दिसला नसणार.

पिल्लू सापडलं नाही. आज चौथी पहाट, एक मर्लेट चोचीत मासा घेऊन येतो. झाड होतं त्या मोकळ्या आभाळात दोन घिरट्या घालतो आणि मासा तसाच घेऊन परत जातो. पर्लबाईने मला वहीत नोंद करायला सांगितली. मी केली.

शेरीफच्या कागदावर लिहिलंय की म्हाताऱ्याने अंथरूण न घालता झाड पाडलं. गसकाका रडून सांगतोय की घातलं होतं, पण त्याच्या तोंडाला दारूचा वास येतो, त्याचं कोण ऐकणार? इथले जुने लाकूडतोडे खुंट बघून मान हलवतात. बाबांचं नाव घेऊन म्हणतात, आर्वो शेवटी विसरला.

ते विसरले नव्हते. दिसत नसताना हातांनी चाचपून त्यांनी फर्नचे शेंडे बुंध्याकडे केले होते. हे पाहिलेला माणूस मीच. मी आता शेरीफकडे निघालोय. अंथरूण होतं आणि चांगलं होतं, हे सांगणार. मग ते कुठे गेलं, असं विचारतील. तेही सांगणार.

हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. आता ऐकायला कुणी नाही.

लोभ ठेवणं तुला जमेल का, हे विचारायचा मला हक्क नाही.
रेनो