दांडीला बांधलेली चिंधी

प्रिय ताई,

दोन गल्ल्या सोडून राहतो आपण आणि मी पत्र लिहितेय म्हटल्यावर तुला वाटेल, शेंडेफळाचं डोकं फिरलं. पण तुझ्यासमोर आले की तू आधी ताट वाढतेस, आणि मग बोलायचं ते घासाबरोबर गिळलं जातं. परवाही तेच झालं. भाऊजींनी जेवणाआधीची प्रार्थना फार लांबवली, तेव्हा तू हसून म्हणालीस, भाजी गार होतेय, देवाला सगळं माहीत आहे. ते केवढे दचकले! तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं.

आमच्या लाँड्रीतल्या मावशीची तू चौकशी केली होतीस. चादरींच्या यंत्रात सापडलेला तिचा हात वाचला, बोटं मात्र गेली. काल भेटून आले. म्हणते कशी, आता सून भांडी घासायला सांगणार नाही. आणि स्वतःच हसली. तिच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला असं ठरत चाललंय, म्हणजे कामावरूनही जाणार. तिला त्या क्षणाचं काहीच आठवत नाही. तरी मलाच समजावत होती की चूक तिचीच असणार, कारण तुमचे भाऊजी तसं म्हणतात आणि तो देवमाणूस खोटं कशाला बोलेल. मी तिची उशी नीट केली आणि निघून आले.

आता ऐक. त्या यंत्राच्या, चादरींना इस्त्री करणाऱ्या रुळांपुढे एक दांडी असते. तिला हात लागला की रूळ थांबतात. पण चादरीची घडी लागली तरी थांबतात, आणि काम तुंबतं. त्या दिवशी इस्पितळाच्या चादरींचा ढीग पडला होता, म्हणून भाऊजींनी ती दांडी चिंधीने बांधून टाकली. मुकादम तेच, त्यांना कोण विचारणार? आमच्याकडे पाळी सुरू होताना सगळे यंत्राभोवती उभे राहतात, भाऊजी प्रार्थना करतात, आणि आमेन झालं की जो तो कामाला लागतो. यंत्र तपासायची वेळ खरं तर तीच. पण प्रार्थना झाली म्हणजे सगळं ठीक आहे असं आम्ही धरूनच चालायचो. मावशी ओरडली तेव्हा सगळे तिच्याकडे धावले. मी बटण बंद करायला वळले आणि भाऊजींना चिंधी सोडून खिशात घालताना पाहिलं.

ते वाईट नाहीत गं. आई गेल्यावर तुझ्याबरोबर मलाही त्यांनी पदरात घेतलं, मेहुणी म्हणून कधी वेगळं धरलं नाही. माझ्या तापात उशाशी बसले. आजही रोज मावशीकडे जातात आणि खरंखुरं रडतात. पण घाबरलेत. मी त्यांना एकटं गाठून सगळं सांगितलं, तर नाकारलं नाही. म्हणाले, खोटं बोलू नकोस, फक्त तिकडे माझं लक्ष नव्हतं एवढंच सांग. मग माझा हात धरून मला बळ मिळावं म्हणून प्रार्थना केली, आणि सवयीने माझ्या तोंडून आमेन निघून गेलं. तेव्हापासून मला प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटले की तेच आमेन ऐकू येतं. पवित्र जीवन म्हणजे रविवार चुकवायचा नाही, कुणाला उणं बोलायचं नाही, एवढंच मला वाटायचं. ते तर सोपं होतं, ताई.

उद्या चौकशी आहे. सकाळी भाऊजींना बोलावलंय, दुपारी मला. मी पाहिलं ते सांगणार आहे. त्यांची नोकरी जाईल, तुझं घर हलेल, आणि तू माझं तोंड पाहणार नाहीस कदाचित. पण तुझ्या पाठीमागे हे करायचं नव्हतं. शिवाय सकाळ आधी येते. त्यांच्याच तोंडून निघालं तर दुपारी मला फक्त मान हलवावी लागेल, आणि मावशीचा देवमाणूसही राहील. माझं त्यांनी ऐकलं नाही, तुझ्यापुढे मात्र त्यांचं काही चालत नाही. आज ते जेवायला बसले की प्रार्थना त्यांना करू देऊ नकोस, ताई. तू कर. आणि आमेन म्हणण्याआधी ती चिंधी मागून घे.

तू धरशील तेवढी तुझीच,
शेंडेफळ