दादा, वर येण्याआधी हे वाचा

वाकड, बुधवार दुपार

ती. दादांस,

प्रीतमचा साष्टांग नमस्कार. घालतोय अकराव्या मजल्यावरून, त्यामुळे दिसणार नाही, पण घातलाय. आईचे गुडघे कसे आहेत? वहिनींनाही नमस्कार सांगा. तुमची शिफ्ट बदलली का? नसेल बदलली तर आधी झोप पुरी करा आणि मग पुढचं वाचा.

हे पत्र मी सहा दिवस टाळतोय. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेन आणायला निघालो तर मारुंजीच्या रस्त्याला एकजण जुना टेम्पो विकत होता, तो बघण्यात संध्याकाळ झाली (घ्यायचा नव्हता, नुसता बघितला). तिसऱ्या दिवशी ‘ती. दादांस’ एवढं लिहिलं आणि मला घाम फुटला. फोन का केला नाहीस म्हणाल, तर फोनवर तुम्ही ‘बोल’ म्हणता आणि माझं बोलणं तिथंच संपतं. सायलीला सुट्टीवरून घरी का आणून सोडत नाहीस म्हणून तुम्ही तीनदा विचारलंत. मी एकदा सांगितलं सर्दी झालीय, एकदा सांगितलं केयूरचा वाढदिवस आहे, एकदा सांगितलं चित्रकलेचा वर्ग लावलाय. तिन्ही खोटं. केयूरचा वाढदिवस डिसेंबरात असतो. तुम्ही सख्खे मामा असून लक्षात आलं नाही, हे माझं नशीब.

आता इथलं सांगतो. मोनिकाताईकडं पोरं वाढवायची रीत आपल्या उलटी आहे. आपल्या कुरुळीच्या घरात तुम्ही दारात चपला काढल्या की टीव्ही बंद व्हायचा, कुणी बंद केला ते कुणालाच दिसायचं नाही. तुमचा हात कधी उठला नाही, हे मी कुणापुढंही सांगेन. आवाजातच भागायचं. ताईही त्याच घरात वाढली, आणि तिनं ठरवून टाकलं की आपल्या पोरावर आवाज चढवायचाच नाही. म्हणून इथं आठ वर्षांच्या केयूरला सगळं विचारतात. दात घासायचे का, हेही विचारतात. परवा त्या दातांवर चाळीस मिनिटं बोलणी चालली. दाजींची ऑफिसची कॅब निघून गेली, ताईचं दूध उतू गेलं, आणि शेवटी ‘मी उद्या विचार करून सांगतो’ म्हणून केयूरनंच बैठक संपवली. (हे बघून मला काही सुचत नाही, म्हणून मी बहुतेक वेळ खाली वॉचमन दत्तोबांपाशी बसतो. माणूस चांगला आहे. त्यांचा मेव्हणा उसाच्या रसाचं गुऱ्हाळ काढतोय, मला बोलावलंय पण. ते राहू दे.)

आपली सायली आली तेव्हा ताई तिला विचारायची, तुला काय खायचंय? तर पोरगी माझ्याकडं बघायची, भलत्याच विषयाचा पेपर हातात पडल्यासारखी. चौथ्या दिवशी हळूच म्हणाली, ‘आत्या, मला भेंडी नको.’ आणि पळत जाऊन दारामागं उभी राहिली. बराच वेळ झाला तरी कुणी ओरडेना, तेव्हा बाहेर आली.

आता गुरुवारचं. सायली धडधाकट आहे हे आधीच लिहितो. गुरुवारी दुपारी चारला दोघं खाली खेळून पाणी प्यायला वर निघाली आणि लिफ्ट सातव्या-आठव्याच्या मध्ये अडकली. आत अंधार, पंखा बंद. लिफ्टचा मिस्त्री चिंचवडहून निघाला तो भूमकर चौकात अडकला. मी सातव्यावरून आठव्यावर आणि आठव्यावरून सातव्यावर नुसता पळत होतो, कारण उभं राहवत नव्हतं.

ताई दाराला तोंड लावून गोड आवाजात विचारत होती, ‘केयूर, बाळा, तुला आत्ता कसं वाटतंय?’ आतून केयूर ओरडला, ‘मला बाहेर यायचंय! मी तीनदा सांगितलंय!’ ताईनं समजावलं की थोडा वेळ लागेल. ‘पण मी हो म्हटलं नाहीये!’ आणि तो जो रडायला लागला ते ऐकवेना. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याशी बोलणी करायला तयार नव्हतं.

आणि सायलीचा आवाजच नव्हता. ताईनं हाका मारल्या, दत्तोबांनी मारल्या, शेजारपाजाऱ्यांनी मारल्या. काही नाही. केयूर रडता रडता म्हणाला, ‘ती बोलतच नाहीये. खाली बसलीय.’ पंचवीस मिनिटं झाली होती. नवव्या मजल्यावरचे एक आजोबा आत हवा किती वेळ पुरेल ते मोठ्यानं सांगायला लागले, त्यांना लोकांनी गप्प बसवलं.

मग मला सुचलं ते मी केलं. दाराला तोंड लावलं आणि तुमचा आवाज काढला. (लहानपणी ताईला फसवायला काढायचो तो.) ‘सायले! कुठं हायेस?’

आतून लगेच, ‘हितं हाय पप्पा.’

अख्खा मजला हसला. मीही हसलो. आणि मग आतून बारीक आवाज आला, ‘पप्पा, मी न्हाई केलं. मी कशालाच हात न्हाई लावला.’ हसणं थांबलं. पुढची वीस मिनिटं ती थांबून थांबून तेवढंच म्हणत होती. अगं मी काका आहे, पप्पा इथं नाहीत, असं मी माझ्या आवाजात कितीदा सांगितलं. तिला पटेना.

दार उघडलं तेव्हा केयूर तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि ती फ्रॉकच्या घेरानं त्याला वारा घालत होती. म्हणजे अंधारात दुसऱ्याला सांभाळायचं ते तिला येतं, स्वतःसाठी तोंड उघडायचं तेवढं येत नाही. केयूरचं नेमकं उलटं. मी फारसा शिकलेलो नाही, यातनं काय काढायचं ते तुम्ही दोघं मोठे ठरवा. मला फक्त माझ्या सात कंपन्या का सुटल्या ते कळलं. चाकणला सुपरवायझरनं जरा आवाज चढवला की मी डबा तिथंच ठेवून गेटबाहेर. लोक म्हणतात याच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी कसली, चपला वाजल्या की टीव्ही बंद करून पळणारा मीच असायचो, आज सांगतो.

बाकी सगळं ठीक. आईला यातलं काही वाचून दाखवू नका.

तुमचा,
प्रीतम

ता.क. एक गोष्ट राहिली. ती लिफ्ट मध्येच अडकते म्हणून तिच्यावर पुठ्ठ्याची पाटी लावली होती, ‘लिफ्ट बंद आहे’. गुरुवारी ती पाटी जागेवर नव्हती, माझ्या हातात होती. उकडत होतं, दत्तोबांशी गुऱ्हाळाचं बोलता बोलता मी तिनं वारा घेत होतो. पोरं माझ्यासमोरून लिफ्टमध्ये गेली आणि मी पाटी हलवूनच त्यांना टाटा केला. सायलीनं ते बघितलं होतं. तिनं अजून कुणालाही सांगितलेलं नाही. काल मला एकट्याला गाठून विचारलं, ‘काका, पप्पा तुमाला लई बोलतील का?’ त्यानंतर मग पेन चाललं.

ता.क. दुसरा. आत्ताच इंटरकॉम वाजला. तो उचलायची इथं पोरांची पाळी असते, आज सायलीची होती. दत्तोबा खालून विचारतायत, कुरुळीहून रोहिदास म्हणून कुणी आलेत, वर सोडू का? सायली कानाला फोन लावून नुसतीच उभी राहिली. ताई म्हणाली, ‘तुला काय वाटतं, सायली?’ तिनं माझ्याकडं बघितलं, या कागदाकडं बघितलं, आणि म्हणाली, ‘त्यांना खुर्ची द्या. गार पाणी द्या. काका कागद लिवतायत, त्यो वाचून झाला की वर सोडा.’

तर कागद घेऊन केयूर खाली येतोय (जिन्यानं, हा त्याचा स्वतःचा निर्णय). सावकाश वाचा. वर आलात की दारातून हाक मारू नका, बेल वाजवा, दार ती उघडणार आहे. पाटीचं जे काही बोलायचं ते मला बोला. माझ्या चपला मी ताईकडं ठेवायला दिल्यात.