आमच्या घराण्यात असं कुणी नाही

२ मार्च २००३
पेठ गावाला लग्न. बँड वाजायला लागला आणि इंदूनं कान दाबून मांडवाच्या दारातच लोळण घेतली. माझी सहा वर्षांची पोर — पण नवरदेवाची घोडी अडवली! सासूबाई चार बायकांत म्हणाल्या, "आमच्या घराण्यात आसं कुनी न्हाई. हिच्या आईकडनं आलंय."

घराणं त्या वेळी काय करत होतं? मामंजी जीपच्या काचा लावून आत बसले होते. ते कुठल्याच लग्नात मांडवात येत नाहीत. आणि आमचे हे जेवण सोडून जनरेटरपाशी — त्याचा आवाज कुठं बिघडलाय ते ऐकत. मामंजी करारी, हे हुशार. पोर तेवढी येडी!

११ मार्च
पुण्याला डॉक्टरीणबाईंकडे. म्हणाल्या, ऑटिझम. मराठीत स्वमग्नता. औषध नाही, घडणच अशी असते. शिकेल, पण तिच्या पद्धतीनं — आणि आपल्या माणसांत राहून. मग विचारलं, "घरात आणखी कुणी असं?"

"नाही," हे म्हणाले. मान वर न करता. बाईंच्या टेबलावरची पेनं रंगाप्रमाणे लावत होते.

बाई ह्यांच्याकडे बघत राहिल्या. मी पंख्याकडे.

१२ मार्च
घरी सांगितलं. सासूबाई उसळल्याच. "म्हंजी माजा नवरा येडा? माजा ल्योक आदेश येडा?" मी तो शब्द काढलाच नव्हता! तेवढ्यात मामंजींच्या ताटात आमटीचा ओघळ भाकरीला लागला. सासूबाईंनी बोलता बोलता ताट उचललं, दुसरं वाढून आणलं. मामंजींना सांगावंही लागलं नाही.

१६ मार्च
दिवसभर टोमॅटोची बांधणी. पाठ गेली. इंदू विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीला कान लावून बसलेली. खुशीत.

२० मार्च
माझ्या नणंदेला, तेजस्विनीला बघायला रविवारी खोडदचे पाहुणे येणार. सासूबाईंनी हुकूमच काढला — इंदूला मंचरला माझ्या आईकडे सोडायचं. "आन् तितंच ऱ्हाऊ दे आता. शाळा बी तितंच. न्हायतर माज्या पोरीचं लगीन कवा जमायचं?"

ह्यांना म्हटलं, अहो, तुम्ही काही बोला ना!

म्हणाले, "मंचरला सकाळच्या गाड्या जास्त असतात."

बोलले म्हणायचे!

पिशवी भरली. निळा फ्रॉक, आणखी एक निळा फ्रॉक. दुसरा रंग ती अंगाला लावून घेत नाही. भरता भरता रडू आलं. इंदू माझे डोळे बघत होती — पाणी कुठनं येतं ते.

२३ मार्च
सकाळी इंदूला घेऊन निघाले तर ओसरीवर मामंजी उभे. माझ्या हातातली पिशवी घेतली, आत नेऊन ठेवली. 

पाहुणे आले. एरवी पाहुणे आले की मामंजी मळ्यात पळतात. आज इंदूला घेऊन सरळ बैठकीत येऊन बसले. जमिनीकडे बघत म्हणाले, "ही नात. माज्यावर गेलीया. मला बी मानसांत बसवत न्हाई. आत्ता बी न्हाई बसवत. काय इचारायचं ते इचारा." कपाळावरून घाम वाहत होता. इंदूनं तो बोटानं पुसला.

मुलाच्या चुलत्यानं, चिमाजीरावांनी, कप खाली ठेवला. "कळवतो मग, पावणं." कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं.

तेजस्विनी आत येऊन म्हणाली, "बरं झालं, वहिनी. मुलगा चपलांकडं बघत व्हता आन् चुलताच माझ्याकडं!" मला हसू आवरेना. सासूबाई मात्र जेवल्या नाहीत.

२४ मार्च
सासूबाई अजून अबोल. घर कसं अगदी मामंजींच्या मनासारखं!

२५ मार्च
भाकरी थापता थापता सासूबाईंचे हात थांबले. "आदेशच्या आदी मला येक पोर झाली व्हती. भागू. आशीच. बोभाटा नगं म्हनून माज्या सासूनं तिला माज्या माहेरी धाडली, पार डोंगरात. परत आनलीच न्हाई."

भागू! ह्यांच्या मामांच्या घरात कोपऱ्यात बसून तांदूळ निवडते, कुणाशी बोलत नाही, ती भागू. हे आजवर तिला मामाची मुलगी समजतात.

सासूबाईंनी हात धुतले.

"आदेशला जीप काडाया सांग. तिला घरी आनू."