तुझ्या मांडीतली पट्टी

माझी अक्का,

आज वर्गात हाडांचा धडा सुरू केला आणि मांडीच्या हाडापाशी येऊन अडकलो. शरीरातलं सगळ्यात लांब, सगळ्यात दणकट हाड. हे वाक्य मी दरवर्षी सहज बोलून जातो. आज तोंडातून निघेना. पहिल्या बाकावरची धर्माबादची पोरगी म्हणाली, "सर, पाणी आणू का?" मी फळ्याकडं तोंड करून उगाच खडूनं रेघा ओढत राहिलो. घरी आलो नि लिहायला बसलो. तुला सोडून हे सांगू तरी कुणाला?

तुझी आठवण आली म्हणून थांबलो असतो तर काही वाटलं नसतं गं. मला लाज वाटत होती.

भूकंपात आई-बाबा गेले आणि माळवदाच्या घराची भिंत तुझ्या मांडीवर आली. मी लहान होतो, पण मामा आलेला मला चांगला आठवतो. लोह्याहून मिळेल त्या गाडीनं आला आणि आपल्या दोघांना पोटाशी धरून एखाद्या पोरासारखा रडला. दवाखान्याच्या तंबूत तेव्हा जखमींची रीघ लागलेली. तुझं हाड कसंबसं बसवलं गेलं आणि ते वाकडंच जुळलं. पुढं ऑपरेशन झालं, मांडीत स्टीलची पट्टी बसली, तरी पाय दोन बोटं आखूड राहिला तो राहिलाच.

मामानं आपल्याला लोह्याला नेलं. ऑपरेशन होईपर्यंत तो तुला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडायचा. पोरं हसली की म्हणायचा, "हसा, हसा! भाची हाय माझी, ज्वारीचं पोतं न्हाई!" आणि सगळ्यात मोठ्यानं तूच हसायचीस.

मग आपण लातुरात आलो आणि तिथं शिकवण्यांचं पीक आलं. गल्लोगल्ली पाट्या लागल्या, खोल्या भाड्यानं जाऊ लागल्या. मी जीवशास्त्र शिकवायला लागलो आणि तू मुलींची मेस काढलीस. लोहा, मुरुड, धर्माबाद, कुठल्या कुठल्या पोरी तुझ्या हातचं खाऊन डॉक्टर झाल्या! तू मात्र दिवसभर ओट्यापाशी उभी. आधी कंबर धरली, मग चांगल्या पायाचा गुडघा.

एका रविवारी तू क्लासमध्ये डबा घेऊन आलीस आणि विचारलंस, "सुध्या, मोडला हा पाय, मग त्यो दुसरा कशाला दुखून राहिला?" मी तुला प्लास्टिकच्या सांगाड्यापुढं उभं केलं. पाय आखूड असला की कमरेचं हाड एका बाजूला कलतं. ते कललं की तोल सावरायला पाठीचा कणा दुसरीकडं वाकतो. सगळा भार चांगल्या पायावर येतो आणि त्याच्या गुडघ्यातली कूर्चा झिजत जाते. तू नीट ऐकलंस. मग सांगाड्याच्या मांडीवर टिचकी मारलीस.

"ह्याला कधी काई झालंच न्हाई रे. लई सरळ हाय ह्यो. आपल्या पोरींना वाकडं हाड दाखवायचं कुणी? मी मेले की मला देऊन टाक मेडिकल कॉलेजात."

मला थट्टा वाटली. तू मात्र खरोखरच जाऊन देहदानाला नाव नोंदवून आलीस! मी विचारलं, "आणि मामा? त्याला काय सांगायचं?"

"तू सांग समजावून. मास्तर हाईस की न्हाई?"

तूच का नाही सांगितलंस गं? तुझं त्यानं ऐकलं असतं. तुझा शब्द तो कधी मोडत नव्हता. ते काम तू माझ्यावर टाकलंस, आणि मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो.

त्या सकाळी तू पोळ्या लाटता लाटता खाली बसलीस, ती उठलीच नाहीस. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. तुझा शब्द मी पाळला, अक्का. कॉलेजची गाडी आली. मेसच्या पोरी हात जोडून रांगेनं उभ्या राहिल्या. एकीनं तुझे पाय धुतले. गाडी वळणाआड गेली आणि मगच मी मामाला फोन लावला.

म्हणालो, "अक्का गेली मामा. ऊन फार होतं, ठेवता आलं नाही. उरकून घेतलं."

का बोललो असं? मामा गाडीपुढं आडवा पडेल ही भीती होती. आणि लोक म्हणतील, बहिणीला जाळायला लाकडं मिळाली नाहीत का याला, ही त्याहून मोठी. देहाकडं विज्ञानाच्या नजरेनं बघा म्हणून पोरांना सांगणारा मी!

मामा म्हणाला, "बरं. अस्थी ठीव. नांदेडला गोदावरीत मी सोडतो, माझ्या हातानं."

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. मी काय केलं सांगू? मेसच्या न्हाणीतल्या बंबाची राख गडव्यात भरली, वर लाल फडकं बांधलं आणि नांदेडच्या गाडीत बसलो.

घाटावर मामा माझ्या आधी येऊन थांबला होता. डोकं भादरलेलं, अंगावर धुतलेलं धोतर. गडवा त्यानं मांडीवर घेतला आणि फडकं सोडून आत हात घातला. हळूहळू बोटं फिरवली.

"एकबी हाड न्हाई रे यात."

त्यानं गडवा तिरका करून आत बघितलं.

"तिच्या मांडीत पट्टी होती. ती तर जळत न्हाई. कुठंय ती?"

मी तिथंच पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. कॉलेज, गाडी, बंब, सगळं. आजूबाजूला लोक आपापल्या माणसांच्या अस्थी सोडत होते. मामानं हात धोतराला पुसला. मला वाटलं, आता कानाखाली ओढणार. ओढली असती तर बरं झालं असतं.

"मी अडवलं असतं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? भांडलो असतो तुझ्याशी. पन तिची मर्जी हाय म्हनल्यावर गप बसलो असतो. पाठीवर वागवली रे मी तिला. तू मला तिचं तोंड बी बघू दिलं न्हाईस!"

एवढं म्हणून तो उठला. राख त्यानं पाण्यात टाकली नाही, घाटामागच्या एका झाडाच्या बुडाशी ओतली. रिकामा गडवा माझ्या हातात दिला आणि लोह्याच्या गाडीत एकटाच जाऊन बसला. त्यानंतर माझा एकही फोन त्यानं उचलला नाही. मामीच बोलायची. "जेवून न्हाई राहिले नीट," एवढंच सांगायची.

काल रात्री त्याचाच फोन आला. "ती अजून हाय का तिथं? बघू देतील का मला?"

आज सकाळी मी शरीरशास्त्र विभागात जाऊन विचारलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या देहावर अजून शिकवणं सुरू केलेलं नाही. घेऊन या त्यांना." इतकं सोपं होतं, अक्का! पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तरी त्या हो म्हणाल्या असत्या.

तुझं यावर काय म्हणणं असेल, ते माहीत आहे. तू रागवणार नाहीस, हसशील. तेच सोसवत नाही.

गुरुवारी मामाला घेऊन येतो. तो जे विचारेल त्याचं खरं उत्तर देईन. तुझं हाड कुठून वाकलं, पोरी त्यातून काय शिकतील, सगळं त्याला कळेल असं सांगेन. जे काम तू माझ्यावर टाकलं होतंस, ते आता करतो. आणि आत गेल्यावर मी दाराशीच थांबेन. आधी त्याला तुझं तोंड डोळे भरून बघू दे. त्यानं हाक मारली तरच मी पुढं येईन.

तुझा,
सुध्या