मुलांचा रकाना

मंगळवार, १४ नोव्हेंबर

चि. दादूस,

तू खुशाल असशील असं धरून चालतो. इकडे आम्ही ठीक. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, धाकटी शाळेत शिकवायला लागली, आणि बाइंडिंगचं दुकान मी आता दुपारपर्यंतच उघडतो. डोळे पूर्वीसारखे साथ देत नाहीत.

अकरा वर्षांनी पत्र कशाला, असं तुला वाटेल. सांगतो.

गेल्या आठवड्यात सरकारकडून एक मुलगी घरी आली. कुटुंबांसाठी नवं धोरण ठरायचंय, त्याआधी आईबापांची मतं गोळा करत होती. मत विचारलं की मला चेव येतो, तुला माहीतच आहे. पाळणाघरं कशी हवीत, बापाला रजा किती हवी, शाळांनी काय करावं, सगळं ऐकवलं. बिचारी लिहून लिहून दमली. मग तिने विचारलं, "काका, तुम्हाला मुलं किती?"

मी म्हणालो, "एक. मुलगी."

तुझी आई चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप ठेवले आणि आत गेली. संध्याकाळी भाजी चिरताना मान वर न करता म्हणाली, "माझी बाळंतपणं दोन झाली." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्या मुलीचं ऑफिस शोधत गेलो. फॉर्म अजून वर पाठवला नव्हता. काही न विचारता तिने तो गठ्ठ्यातून काढला. "थोरल्याची माहिती सांगा."

वय पटकन सांगितलं. काम? "ट्रक चालवतो," म्हणालो. "म्हणजे, चालवायचा." लग्न? "झालं असं ऐकलंय." मुलं?

"माहीत नाही, असं लिहू का?" तिने हळूच विचारलं. मी मान हलवली.

मग शेवटची भेट. तू दुकान सोडून ट्रकवर गेलास आणि मी तुला या घरात पाऊल ठेवू नकोस म्हणालो, ते साल सांगितलं. तिने ते लिहिलं.

दादू, त्यानंतर दोन वर्षांनी तू आला होतास. बाबा बाहेरगावी गेलेत, असं आईने तुला सांगितलं. तिला ते मीच सांगायला लावलं होतं. मी आतल्या खोलीत होतो. "त्यांच्या तब्येतीकडे बघ," म्हणालास, तेही ऐकलं. चपला घालायला तू फार वेळ लावलास. मी उठलो नाही.

हे त्या मुलीला सांगायला तोंड उघडलं होतं. नाही जमलं.

तुझा पत्ता माझ्याकडे नव्हता. आज आईकडे मागितला, तर तिने कुठेही न बघता लिहून दिला.

तुला मुलं आहेत का, तेवढं कळव. फॉर्मसाठी नको, तो गेला. मला हवंय.

आशीर्वाद द्यायचा हक्क उरला असेल, तर तो देतो.

बाबा