दोन नंबरची पाटी

४ मार्च
आज पुन्हा तेच. गाडी वृद्धाश्रमात बायकोच्या, व्हर्नाच्या खिडकीखाली लावली. ती काचेला नाक लावून उभी. गाडीची नंबरपाटी वाचली आणि दोन्ही हात हलवायला लागली. लग्नाआधी बापाच्या अंगणातून हलवायची, अगदी तशीच! मीही हलवले. मग गुडघ्यांना झेपेल तेवढ्या घाईने जिना चढलो. दार उघडलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सभ्यपणे म्हणाली, "बसा ना. माझे यजमान येताहेत. खाली गाडी लावतायत."
बसलो. दोघांनी मिळून माझी वाट पाहिली.

९ मार्च
तिची देखभाल करणारी ल्युसेट म्हणते, "काका, मनाला लावून घेऊ नका. चेहरे विसरल्यात त्या. पाटी तेवढी राहिलीय."
पाटी राहिली याचंही नवल नाही. व्हर्नाचीच करामत ती! मी या खोऱ्यात चाळीस वर्षं घरामागच्या मैल्याच्या टाक्या उपसल्या. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिने सरकारात अर्ज करून खास नंबर आणला: 'एम आर, एन ओ, टू'. मिस्टर नंबर टू! शाळेत पोरं दोन बोटं वर करून संडासला जायला मागतात, तो दोन नंबर. मी भेटीचा खोका उघडला आणि ही हसत हसत बर्फात बसकण मारून बसली. आमच्या गावात असल्या पाट्यांना तोटा नाही. मेंढ्यावाल्या मर्लची 'बा बा', म्हणजे मेंढीचं बें बें. अंत्यविधी करणाऱ्या स्टॅनहोपची तर 'यू आर नेक्स्ट', म्हणजे पुढचा नंबर तुमचाच! पण माझी पाहून लोक हॉर्न वाजवायचे. पाद्रीबाईंनी तेवढी चर्चबाहेर आमच्या शेजारी गाडी लावायची सोडली.
तेव्हापासून गाड्या चार झाल्या. पाटी तीच.

१५ मार्च
राज्याच्या वाहन कार्यालयाकडून नोटीस. शिवीगाळ, चावटपणा, मलमूत्र असल्या सगळ्या पाट्या परत मागवताहेत. कुणीतरी माझ्यावर तक्रार केलीय. महिनाअखेर पाटी जमा करा, साधा नंबर मिळेल. मान्य नसेल तर दाद मागा.
मलमूत्र!! वीस वर्षांनी वास आला होय यांना?

३१ मार्च
दाद मागितली आहे. पण निकाल लागेपर्यंत पाटी त्यांच्याकडे. स्वतःच्या हाताने स्क्रू काढले. नवा नंबर मला अजून पाठ नाही.

१ एप्रिल
व्हर्ना खिडकीत होती. माझी गाडी आली, मी उतरलो, हात हलवला. तिची नजर माझ्यावरून पुढच्या वळणाकडे गेली.
वर गेल्यावर म्हणाली, "अजून आले नाहीत."

६ एप्रिल
मर्लची अक्कल: "अरे ऑरिन, जुना नंबर पुठ्ठ्यावर रंगव आणि ठेव काचेत! कोण पकडतंय?"
रंगवला. चांगला जमला होता. मर्लने लांबून पाहून शिट्टीसुद्धा मारली. व्हर्नाने खिडकीतून वाचलं आणि ल्युसेटला ओरडून बोलावलं, "पोलिसांना फोन कर! कोणीतरी माझ्या नवऱ्याची नक्कल करतंय!" ल्युसेट हसू दाबत होती. मी पुठ्ठा फाडला.

११ एप्रिल
जेवत नाही. सारखी खिडकीत. ल्युसेट सूप तिथंच नेऊन भरवते. मी भरवायला गेलो तर म्हणाली, "तुमच्या घरी कुणी नाही का?"
आहे म्हणालो.
"मग जा की तिच्याकडे."

२४ एप्रिल
राजधानीत सुनावणी. चिखलाचे दिवस, दोनदा रस्त्यात फसलो. मर्लने वाटेत पढवलं होतं, "सांग, बायकोचा दुसरा नवरा आहे मी, म्हणून नंबर टू." खोटं बोलायला, का कोण जाणे, धीर झाला नाही.
टेबलापलीकडे तिघं. मधल्या बाईंनी विचारलं, "पाटीचा अर्थ काय, मिस्टर पेल्की?"
"मैला," म्हणालो. "चाळीस वर्षं तोच उपसला."
एक तरुण साहेब खोकल्याआड हसला. बाई म्हणाल्या, "मग आम्ही काय करावं, तुम्हीच सांगा."
तेव्हा खिडकीचं सांगितलं. नीट सांगता आलं नाही. टोपी हातात चुरगळत होतो. ती पाटी ओळखते, मला नाही, एवढंच दोनदा म्हणालो. कुणी हसलं नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि कळवू म्हणाल्या.

८ मे
आज खिडकी सोडून खुर्चीत बसली होती. पाठ काचेकडे!
"तुम्ही रोज येता," म्हणाली. "ते येत नाहीत."
मी खिशातून पत्ते काढले. खेळली. आणि लबाडी केली! तीच जुनी चलाखी, तळहातात एक्का लपवायचा. मी पकडलं तर डोळे मिचकावले. चार डाव हरलो. हरायला इतकं सुख असतं हे विसरलो होतो.

१३ मे
"तुमचा धंदा काय हो?"
"मैल्याच्या टाक्या उपसायचो."
ती इतकी हसली की ल्युसेट धावत आली. "अगं, हे पण तसलेच! माझ्या यजमानांचंही तेच काम. तुम्ही ओळखत असाल त्यांना."
"थोडाफार."
"कसे वाटतात?"
"बरा माणूस आहे," म्हणालो. "जरा घोरतो."
"जरा?!" मग हळूच, "दारातच बूट काढायचे, माझ्या नाकाला त्रास नको म्हणून. थंडीत सुद्धा. अनवाणी नाचत घरात यायचे."
मी तोंड वळवलं.

२२ मे
गाजराचा केक नेला. अर्धा तिने मला दिला. "बारीक झालात तुम्ही." आज नवऱ्याचं नाव काढलं नाही. परत येताना गाडीत गाणं म्हणत होतो. मग स्वतःचीच लाज वाटली. तो कुठे गेला असेल असं तिला आत कुठेतरी टोचत असणारच, आणि मी गातोय!

३ जून
निकाल लागला. मी जिंकलो! 'अर्जदाराची विशेष परिस्थिती पाहून.' पुढची नि मागची, दोन्ही पाट्या पाकिटात. एक कोपरा वाकलाय, बाकी तशाच.
मर्ल ओरडला, "आता लाव की! बघतोस काय?"

७ जून
लावली नाही. पाट्या स्वयंपाकघराच्या टेबलावर. त्यांच्यासमोर बसून कॉफी पितो.
लावली की ती खिडकीत उभी राहील. हात हलवेल. आणि मी वर गेलो की म्हणेल, बसा, येताहेत ते. पत्ते संपले, केक संपला, डोळे मिचकावणं संपलं. मला माझाच हेवा वाटतोय. हे कुणाला सांगणार? मर्लला सांगितलं तर मेंढ्यांनाही कळेल.

१२ जून
ल्युसेट दारात अडवून म्हणाली, "काका, काल संध्याकाळी रडत होत्या. अपघात झाला असेल, मेले असतील, असं म्हणत होत्या."
एवढंच. मी चोर आहे. तिचा नवरा लपवून तिच्याशी पत्ते खेळणारा.
घरी आलो आणि स्क्रू शोधायला घेतले.

१३ जून
पाटी लावून गेलो. व्हर्ना खिडकीत होती. वाचलं तिने. नक्की वाचलं. पण हात हलला नाही.
वर गेलो तर तिने पडदा ओढून घेतला होता. नाक लाल, पण चेहरा ताठ. "उगवले एकदाचे! जिवंत आहेत, म्हणजे काही घाई नाही." मग शेजारची खुर्ची थोपटली. "तुम्ही बसा हो. थांबू दे त्यांना खाली जरा. पत्ते पिसा."
पिसले.