पिओनीमागचा दगड

स्टोर्डाल, नॉर्थ डकोटा
९ एप्रिल १९८४

चि. सोल्वेग हिस,
आत्याचे आशीर्वाद.

जूनमध्ये गावाच्या शंभरीला तू नील्स आणि मार्ताबद्दल वाचणार, हे मला लॉइड हाउगेनकडून कळलं. माझे आजी-आजोबा, आणि बातमी शेजाऱ्याकडून.

एवढंच लिही. ती दोघं नॉर्वेहून आली, १८८३ साली शेजारशेजारच्या दोन सरकारी जमिनी घेतल्या, पाच वर्षं राबली. जमिनीचे कागद हातात आल्यावर लग्न केलं. पुढच्या वर्षी माझे वडील ओलाफ जन्मले. त्यांच्या थडग्याच्या दगडावरची अक्षरं झिजली आहेत. त्यासाठी येऊ नकोस, रस्त्यात चिखल आहे.

मार्ताची, म्हणजे पूर्वेकडची जमीन आता माझा मुलगा आर्ने पेरतो. ती कुणाच्या नावावर आहे हे तू दप्तरात कशासाठी पाहिलंस, तेवढं कळव.

मिनिआपोलिसमध्ये जेवतेस की नुसती कॉफी पितेस?
तुझ्यावर जीव असलेली,
थोरा आत्या


मिनिआपोलिस
१९ एप्रिल

ती. थोरा आत्यास,
सोल्वेगचा नमस्कार.

जमीन मला नको. खिडकीतल्या दोन कुंड्या मला जगवता येत नाहीत, हे तू पाहिलं आहेस.

१८८५च्या जनगणनेत नील्स आणि मार्ता अशी दोन कुटुंबं आहेत, पण घर एकच. ते बरोबर हद्दीवर बांधलेलं होतं. जमीन मिळवायची तर ज्याने त्याने आपल्या जमिनीवर झोपायला हवं, आणि नवरा-बायकोला दोन जमिनी मिळत नसत. १८८८ साली लॉइडच्या आजोबांनी साक्ष दिली, की मार्ता अविवाहित आहे आणि आपल्या बाजूला झोपते. लॉइड फोनवर खूप हसला. म्हणाला, तुझ्या पणजीचे पाय कायम आपल्याच जमिनीत असायचे, उशीबद्दल आजोबांना कुणी विचारलंच नाही.

पण १९००च्या जनगणनेत लग्नाला पंधरा वर्षं झाल्याची नोंद आहे, आणि ओलाफ चौदा वर्षांचा. तू सांगतेस त्या हिशोबाने तो अकराचा हवा.

लॉइडने दगडाचा फोटोही पाठवला. नावं स्वच्छ वाचता येतात. त्यांच्याखाली काय आहे ते दिसत नाही, कारण पुढे पिओनीचं हे एवढं झुडूप आहे. ते कुणी लावलं, आत्या? आणि मला चिखलाची भीती का घातलीस?

उत्तर लवकर दे. राग आला तरी दे.
तुझी,
सोल्वेग


स्टोर्डाल
२ मे

सोल्वेग,

लॉइडला म्हणावं, खोटी शपथ तुझ्याही आजोबांनी घेतली होती, तेव्हा बेताने हस.

दगड आजीने जिवंतपणी घडवून घेतला. लग्नाचं साल त्यावर घालायचंच, असा तिचा हट्ट. वडील नको म्हणत होते. ती म्हणाली, साहेबापुढे खोटं बोलले ते जमिनीसाठी. आता मला किती जमीन लागणार आहे? १९३१ साली ती गेली. दफनाला आठवडा झाला नाही तोच वडिलांनी तिथे पिओनी लावली. ते गेल्यावर पाणी मी घातलं.

अंगणात अनोळखी मोटार आली की वडील उठून उभे राहायचे. सरकारचा माणूस आला असं त्यांना वाटे. मलाही वाटतं. आता तर टपालपेटीत तुझं पत्र दिसलं तरी वाटतं.

तू लग्नाचं साल १८८५ वाचलंस तर जमीन लबाडीची. १८८८ वाचलंस तर माझे वडील लग्नाआधीचे. म्हणून आम्ही त्यांना तीन वर्षांनी लहान केलं. आता तू आणि लॉइड मिळून हे हॉलमध्ये वाचणार, लोक टाळ्या वाजवणार, पेपरात येणार. आर्नेने काय करायचं?

हे पत्र जाळ. जाळणार नाहीस, तू ते फडताळात लावून ठेवशील. तुझा बाप तसाच होता.
थोरा


मिनिआपोलिस
१४ मे

ती. आत्यास,
नमस्कार.

जमिनीच्या कचेरीत मी नाव-गाव न सांगता विचारलं. तिथला माणूस म्हणाला, इतका जुना कागद आता कुणी उघडत नाही. उघडायला बसलो तर अर्धं राज्य रिकामं करावं लागेल. वकिलाकडेही गेले. त्यानेही तेच सांगितलं. आर्नेला पेरू दे.

तरी तू हो म्हटल्याशिवाय मी एक ओळ वाचणार नाही. हॉलमध्ये सांगेन, घसा बसलाय.

लॉइडला यातलं काही कळवलेलं नाही. तुझा विश्वास बसणार नाही, हे माहीत असूनही लिहिते.
माया कमी करू नकोस.
सोल्वेग


स्टोर्डाल
११ जून

चि. सोल्वेग हिस,
आशीर्वाद.

नाव सांगितलं नाहीस म्हणतेस. बरं. वकिलाला तरी सांगितलंच असशील.

आर्नेला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, म्हणून का आजोबा माझ्या नव्या ट्रकलाही घाबरले होते? आणि पेरायला गेला.

हॉलमधल्या टेबलांसाठी लॉइडची बायको फुलं मागत फिरते आहे. पिओनी यंदा भरून आली आहे. शुक्रवारी ये. मोठी कात्री आण, माझ्या कात्रीला धार नाही. मुंग्या असतात, झटकून घे. फुलांवर थांबू नकोस, पार बुंध्यापासून काप.

दगडावरचं ते साल मी सतरा वर्षांची असताना एकदा वाचलं होतं, त्यानंतर नाही. हॉलचं हॉलमध्ये बघू. आधी तिथे, दगडापाशी, मला वाचून दाखव. मोठ्याने वाच, मला आता कमी ऐकू येतं.

रस्ता कोरडा आहे.
वाट पाहणारी,
थोरा आत्या